कोऱ्या अर्जावरील सही

यंदां नाथषष्ठीच्या निमित्तानें आम्ही चार दिवस पैठणास होतों. दिंड्यांची दाटी, गोदावरीवरील पहांटेचीं स्नानें, अष्टमीचा काला या सर्वांचें वर्णन आमच्या वाचकांनीं पुष्कळदां वाचलें असेल. तें पुन्हां करण्यासाठीं आज आम्हीं लेखणी हातीं घेतलेली नाहीं. आम्ही उतरलों होतों तें घर गांवांतील नाथवाड्यापासून हांकेच्या अंतरावर आहे. आमच्या मावशीचें तें सासर. माणसें अठरा, चूल एक, आणि घराचे कर्ते आमचे मावसभाऊ तात्या. षष्ठीच्या दिवसांत या घरीं एरव्हीं पाय ठेवावयास जागा नसते. यंदांहि ओसरी पाहुण्यांनीं भरलेली होती, पण कोणी मोठ्यानें बोलत नव्हतें. तात्यांच्या धाकट्या भावास जाऊन पांच महिने झाले होते, आणि आम्ही पोंचण्याच्या आदल्याच दिवशीं विमा-कंपनीचें पत्र आलें होतें.

पत्र दीड पानाचें होतें. अशीं पत्रें ज्यांच्या घरीं कधीं आलीं नाहींत ते वाचक भाग्यवान होत. मजकूर असा कीं, विमेदारानें अर्जांतील मधुमेहाविषयींच्या प्रश्नास "नाहीं" असें उत्तर दिलें होतें. रुग्णालयाच्या कागदांवरून पाहतां त्यास अर्जापूर्वीं सुमारें तीन वर्षांपासून हा विकार होता. ही गोष्ट त्यानें जाणूनबुजून दडविली. सबब दहा लाखांचा दावा नामंजूर करण्यांत येत असून, ही फसवणूक असल्यामुळें भरलेले हप्तेहि परत मिळणार नाहींत. मृत्यु हृदयविकारानें झाला होता, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षीं. पॉलिसीस तेव्हां सव्वीस महिने झाले होते.

रात्रीं निजानीज झाल्यावर धाकट्या वहिनी ओसरीवर आल्या. तात्या होते म्हणून त्या खांबाआड उभ्या राहूनच बोलल्या. "भाऊजी, पैसे नाहींच मिळाले तर मी शिकवण्या धरीन, मुलांचें कसेंहि निभेल. पण ह्यांनीं फसविलें असें लिहिलेला कागद मी घरांत ठेवूं कुठें?"

आम्हीं विचारलें, "अर्ज भरला कोणी?"

मग हकीगत निघाली, आणि ती ऐकतांना आमच्या मनांत आलें कीं, ही हकीगत पैठणची नाहीं, महाराष्ट्रांतील निम्म्या घरांची आहे. एजंट परका नव्हता, धाकट्याचाच वर्गबंधु. दिवाळीच्या सुमारास संध्याकाळीं तो येऊन बसला. अर्जावर सात ठिकाणीं त्यानें पेन्सिलीनें बारीक फुल्या करून आणल्या होत्या. "तूं नुसत्या सह्या कर, बाकी मी घरीं बसून भरतों," असें तो म्हणाला. वहिनींनीं चहा आणला. एजंटानें बिनसाखरेचा मागितला. तेव्हां धाकटा हंसून म्हणाला, "म्हणजे तूंहि आमच्याच पंगतींत काय?" आणि कोनाड्यांतील गोळ्यांची पट्टी त्यानें दाखविली. यावर एजंटाचें उत्तर वहिनींस शब्दशः आठवतें: "अरे, एवढ्यातेवढ्याचें लिहायचें नसतें. उगीच फाइल अडते." डॉक्टरी तपासणी झालीच नाहीं. पॉलिसी टपालानें आली ती तशीच ट्रंकेंत गेली. तिच्यासोबत भरलेल्या अर्जाची नक्कल होती, ती कोणीहि वाचली नाहीं. आणि रुग्णालयाच्या केसपेपरावर "मधुमेह, पांच वर्षें" ही जी ओळ कंपनीस सांपडली, ती कोणी सांगितली? घाबरलेल्या पुतण्यानें, चुलत्यास स्ट्रेचरवर घालतां घालतां. तो पोरगा आतां जेवतां जेवतां उठून जातो, असें मावशी म्हणाल्या.

विम्याचा करार इतर करारांहून वेगळा कां मानतात, हें येथें थोडें सांगितलें पाहिजे. पैठणांत येऊन कोणी पैठणी घ्यावयास बसलें तर पदर उलटून पाहणें, दोन्ही अंगांनीं नक्षी सारखी आहे ना हें ताडणें, जर पारखणें, हें घेणाराचें काम. न पाहतां घेतली तर दोष त्याच्या डोळ्यांचा. विम्यांत मात्र माल म्हणजे माणसाचा देह, आणि तो आंतून कसा आहे हें त्या माणसासच अधिक ठाऊक. म्हणून कायदा म्हणतो कीं येथें दोन्ही पक्षांनीं पराकाष्ठेच्या सचोटीनें वागलें पाहिजे. जें ठाऊक आहे तें सांगितलें पाहिजे. हा दंडक ज्या निकालानें रूढ झाला तो १७६६ सालचा, इंग्लंडांतील लॉर्ड मॅन्सफील्ड या न्यायाधीशांचा. सुमात्रा बेटावरील एका इंग्रजी किल्ल्याच्या गव्हर्नरानें, किल्ला शत्रूनें घेतल्यास भरपाई मिळावी म्हणून लंडनांत विमा उतरविला. किल्ला फ्रेंचांनीं घेतला. विमा देणारानें हात वर केले: किल्ला दुबळा आहे हें आम्हांस सांगितलें नव्हतें! मॅन्सफील्ड यांनीं सांगितलें कीं, माहीतगारानें माहिती दडवूं नये हें खरें; परंतु जी गोष्ट विमा देणारास स्वतः ठाऊक होती, किंवा ठाऊक असावयास हवी होती, तिच्याविषयीं त्यास तक्रार करतां येणार नाहीं. निकाल गव्हर्नराच्या बाजूनें झाला. गेलीं अडीचशें वर्षें विमा-कंपन्या या निकालाचा पूर्वार्ध तोंडपाठ म्हणत आल्या आहेत. उत्तरार्धाची आठवण त्यांस क्वचितच होते. खुद्द इंग्लंडांत २०१२ च्या कायद्यानें घरगुती विमेदाराचें ओझें हलकें केलें. विचारलेल्या प्रश्नांचीं उत्तरें देतांना वाजवी काळजी घेतली म्हणजे तेथें आतां पुरतें.

आपल्याकडे विमा घरांत आला तो ओळखीच्या माणसांच्या हातून. आपलें आयुष्य पैशांत मोजणें आमच्या आज्यांस अशुभ वाटे. तो संकोच घालविण्यास परका मनुष्य उपयोगाचा नव्हता. साताऱ्यास अण्णासाहेब चिरमुल्यांनीं १९१३ सालीं 'वेस्टर्न इंडिया' ही कंपनी काढली. तशा लहानमोठ्या पुष्कळ निघाल्या, कांहीं बुडाल्याहि. १९ जानेवारी १९५६ रोजीं त्या वेळचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनीं आकाशवाणीवरून राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली, आणि १ सप्टेंबरास २४५ देशी-विदेशी संस्थांचा कारभार एका आयुर्विमा महामंडळाकडे गेला. २००० सालापासून खासगी कंपन्या पुन्हां आल्या. मालक बदलले, पण ओसरीवरील दृश्य तेंच राहिलें: ओळखीचा एजंट, चहा, आणि "तुम्ही नुसती सही करा."

त्या जुन्या कंपन्यांच्या काळांतील एक दावा अजूनहि न्यायालयांत पदोपदीं आठवला जातो. मुंबईच्या 'ओरिएंटल' कंपनीनें मार्च १९४५ मध्यें पंचवीस हजारांची पॉलिसी दिली. विमेदार नोव्हेंबर १९४६ मध्यें वारला. त्यानें अर्जांत लिहिलें होतें कीं, गेल्या पांच वर्षांत आपण कोणा डॉक्टरकडे गेलों नाहीं. प्रत्यक्षांत १९४३ च्या शरद ऋतूंत त्यानें रक्तक्षय, अंगावरील सूज व धाप यांसाठीं औषध घेतलें होतें. दावा करणारांचें म्हणणें असें कीं, कंपनीच्या डॉक्टरांनीं त्यास तपासलें होतें, मग आतां फसवणूक कसली? १९६२ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानें निकाल कंपनीच्या बाजूनें दिला. इतकी जवळची आणि इतकी गंभीर गोष्ट मनुष्य विसरूं शकत नाहीं. त्यानें ती जाणून दडविली, आणि तपासणी झाली एवढ्यानें खोट्याचें खरें होत नाहीं. हप्तेहि परत मिळाले नाहींत. त्या वेळच्या कायद्यांत, १९३८ च्या विमा-अधिनियमाच्या ४५ व्या कलमांत, दोन वर्षांनंतर पॉलिसीस हात लावावयाचा तर कंपनीनें तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागत: गोष्ट महत्त्वाची होती, ती लबाडीनें दडविली, आणि विमेदारास ती खोटी असल्याचें ठाऊक होतें. हें ओझें कंपनीच्याच शिरावर आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें पुढें नव्वदच्या सुमाराच्या एका निकालांत स्पष्ट सांगितलें. मुंबई उच्च न्यायालयाकडून वर गेलेल्या दुसऱ्या एका प्रकरणांत, डिसेंबर २००० मध्यें, त्याच न्यायालयानें महामंडळास बजावलें कीं, दावे यांत्रिकपणें, ठरीव सांच्यानें नाकारूं नयेत. त्यांत फार सावधगिरी हवी.

दडविलेली प्रत्येक गोष्ट सारखी नव्हे, हें आमच्या वाचकांनीं विशेष ध्यानांत घ्यावें. २०१५ सालीं एका मराठी आडनांवाच्या कुटुंबाचा दावा दिल्लीपर्यंत गेला. गृहस्थांस कंबरेच्या मणक्यांचें दुखणें होतें. त्यासाठीं त्यांनीं आजारपणाची रजाहि घेतलेली होती, पण अर्जांत लिहिलें नव्हतें. मृत्यु मात्र हृदयविकारानें झाला. सर्वोच्च न्यायालयानें म्हटलें कीं, कंबरदुखी जिवावरची नव्हे, तिचा मृत्यूशीं संबंध नाहीं, पैसे द्या. याउलट २०१९ सालीं ज्यानें दुसऱ्या कंपनीची आपली अकरा लाखांची पॉलिसी सांगितली नाहीं, त्याच्या विधवेस कांहीं मिळालें नाहीं, कारण मनुष्यानें किती रकमेचे विमे उतरविले आहेत हें कंपनीच्या दृष्टीनें महत्त्वाचें. पुढें २०२५ सालीं एकानें मोठी पॉलिसी सांगून बाकीच्या किरकोळ सांगितल्या नव्हत्या, तेव्हां न्यायालयानें त्याच्या मुलाच्या पदरांत दावा घातला. आमच्या धाकट्याचें प्रकरण दुर्दैवानें कंबरदुखीच्या जातीचें नाहीं. मधुमेह आणि हृदय यांचें नातें आज शाळकरी मुलासहि ठाऊक आहे.

कधीं कधीं तर दडविण्याचा प्रश्नच नसतो. करार झाला होता कीं नाहीं, हाच वाद असतो. २७ डिसेंबर १९६० रोजीं आंध्रांतील एका जमीनदार गृहस्थांनीं पन्नास हजारांच्या विम्याचा अर्ज केला. त्याच दिवशीं डॉक्टरी तपासणी झाली. पहिल्या हप्त्याचे दोन चेक दिले, तीनशें रुपयांचा आणि दोनशें वीस रुपयांचा. पहिला २९ डिसेंबरास वटला, दुसरा ११ जानेवारीस. १२ जानेवारीस गृहस्थ गेले. पैसे कंपनीकडे, माणूस देवाघरीं. विमा होता कीं नव्हता? खालच्या न्यायालयानें नाहीं म्हटलें, उच्च न्यायालयानें होय म्हटलें, आणि १९८४ सालीं, म्हणजे तेवीस वर्षांनीं, सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं नाहीं. हप्ता घेणें वेगळें, अर्ज स्वीकारणें वेगळें. स्वीकार झाला आणि तो अर्जदारास कळविला, तरच करार. चेक वटला म्हणजे विमा झाला अशी समजूत आमच्याहि घरांत होती. ती या खटल्याच्या वाचनानें गेली.

एजंटावरील विश्वासाची दुसरी एक गोष्ट १९८७ सालची आहे. विमेदारानें थकलेल्या हप्त्याचा धारक-चेक जूनच्या आरंभीं एजंटाच्या हातीं दिला. एजंटानें तो वटविला आणि पैसे स्वतःपाशीं ठेवले. ९ ऑगस्टास विमेदार अपघातांत मरण पावला. १० ऑगस्टास एजंटानें हप्ता भरला! सर्वोच्च न्यायालयानें १९९७ सालीं ठरविलें कीं, हप्ता गोळा करण्याचा अधिकार एजंटास नव्हता, म्हणून त्याच्या हातीं पडलेला पैसा महामंडळास पोंचला असें म्हणतां येत नाहीं. पॉलिसी बंद पडलेली होती. आणखी एका प्रकरणांत ६ मार्च २०१२ रोजीं अपघात झाला, ९ मार्चास, अपघाताचा उल्लेखहि न करतां, आदल्या ऑक्टोबरापासून थकलेला हप्ता भरण्यांत आला, २१ मार्चास मृत्यु. महामंडळानें पावणेचार लाखांची मूळ रक्कम दिली. अपघाताची तेवढीच जादा रक्कम नाकारली. २०२१ सालीं तें योग्य ठरलें, कारण अपघाताच्या दिवशीं पॉलिसी चालू असली पाहिजे असें शर्तींत लिहिलें होतें. करारांत जें लिहिलें तेवढेंच मिळतें. न्यायाधीश कळवळले तरी ओळ वाढवूं शकत नाहींत.

आतां पैठणच्या पत्राकडे वळूं. २०१५ सालीं ४५ वें कलम बदललें. पॉलिसीस तीन वर्षें पुरीं झालीं कीं कोणत्याहि कारणास्तव तिला आव्हान देतां येत नाहीं. हीं तीन वर्षें पॉलिसी दिल्यापासून किंवा धोका सुरू झाल्यापासून मोजतात. आणि बंद पडलेली पॉलिसी पुन्हां चालू केली तर त्या दिवसापासून नव्यानें मोजतात, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. तीन वर्षांच्या आंत मात्र कंपनीस दोन वाटा मोकळ्या आहेत. एक, चुकीचें विधान झालें एवढेंच म्हणावयाचें. मग, ही गोष्ट ठाऊक असती तर आम्हीं पॉलिसी दिलीच नसती, हें कंपनीनें दाखविलें पाहिजे, आणि दावा नाकारला तरी नव्वद दिवसांत हप्ते परत केले पाहिजेत. दुसरी वाट फसवणुकीची. त्या वाटेनें हप्तेहि कंपनीकडेच राहतात. आणि मेलेला मनुष्य साक्षीस येऊं शकत नसल्यामुळें, त्याच्या मनांत फसविण्याचा हेतु नव्हता हें सिद्ध करण्याचा भार वारसांवर पडतो. म्हणजे खांबाआड उभ्या असलेल्या वहिनींवर.

हें वाचून दाखवितांना आमचा आवाज जरा खालीं गेला असावा, कारण तात्या म्हणाले, "म्हणजे वाट बंदच कीं."

पण त्याच कलमांत दोन ओळी अशा आहेत कीं, मॅन्सफील्डसाहेबांचा उत्तरार्ध पुन्हां जागा झाल्यासारखें वाटतें. गोष्ट कंपनीस ठाऊक होती असें वारसांनीं दाखविलें तर फसवणुकीचा आरोप टिकत नाहीं. आणि विमा मिळवून देण्याची बोलणीं जो करतो तो, करार घडविण्यापुरता, कंपनीचाच प्रतिनिधि मानावयाचा. कोनाड्यांतील गोळ्यांची पट्टी ज्यानें पाहिली, बिनसाखरेचा चहा घेत "एवढ्यातेवढ्याचें लिहायचें नसतें" असें जो म्हणाला, तो त्या घटकेस कायद्याच्या दृष्टीनें कोणाचा मनुष्य होता? कंपनीचा, असें आम्हांस वाटतें. आयोगास काय वाटेल तें पुढें दिसेल. शिवाय मधुमेह्यांस विमा मिळतच नाहीं असें नाहीं. जादा हप्ता घेऊन कंपन्या तो देतात. म्हणून पॉलिसी दिलीच नसती, हें म्हणणेंहि सहज सिद्ध होणारें नव्हे.

अडचण एकच, आणि ती कायद्याची नाहीं. तें वाक्य एजंट बोलला होता, हें सांगणार कोण? वहिनी सांगतील, पण दावा त्यांचाच. दुसरा साक्षी स्वतः एजंट. तो धाकट्याच्या तेराव्याच्या जेवणास आला होता आणि वाढप्यांत होता. पत्र आल्यापासून त्यानें वाड्यासमोरचा रस्ता सोडला आहे. अष्टमीच्या संध्याकाळीं तात्यांनीं त्यास बोलावून घेतलें. तो उंबऱ्यावरच बसला, चहा घेतला नाहीं. "तात्या, मीं खरें लिहून दिलें तर उद्यां माझी एजन्सी जाईल. घरीं पांच खाणारीं आहेत. थोडा विचार करूं द्या." तात्यांनीं त्यास एक शब्दहि लावला नाहीं. आम्हांस मात्र राग आला होता, आणि तो अजून उतरलेला नाहीं. परंतु हेंहि लिहिलें पाहिजे कीं, त्या दिवाळीच्या संध्याकाळीं पट्टी हातांत धरून हंसणारा आमचा धाकटा कांहीं अजाण बालक नव्हता. एम्. एस्सी. झालेला मनुष्य सात ठिकाणीं कोऱ्या कागदावर सही करतो, तेव्हां त्याची शिक्षा त्याच्या बायकोस होते, त्यास नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं वहिनींकडून कंपनीच्या तक्रार-अधिकाऱ्यास पत्र लिहवून घेतलें. त्यांत आम्ही तीनच गोष्टी मागितल्या: मूळ अर्जाची छायाप्रत, ज्या कागदांवरून फसवणूक ठरविली त्यांच्या नकला, आणि निर्णयाचा पुनर्विचार. महिन्याभरांत उत्तर न आल्यास किंवा नकार आल्यास पुण्याच्या विमा-लोकपालांकडे जातां येईल. तेथें शुल्क नाहीं, वकील नाहीं, पन्नास लाखांपर्यंतचे दावे चालतात, आणि निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. मात्र अंतिम नकारापासून वर्षाच्या आंत गेलें पाहिजे. तें न साधलें तर छत्रपति संभाजीनगरचा जिल्हा ग्राहक-आयोग आहे. त्यास मुदत दोन वर्षांची, आणि नव्या कायद्यानें फिर्याद राहत्या जिल्ह्यांत करतां येते, कंपनीचें मुख्य ठाणें कोठेंहि असो. वहिनींनीं पत्र स्वतःच्या अक्षरांत लिहिलें. गोळ्यांच्या पट्टीची गोष्ट त्यांनीं त्यांत गाळली नाहीं. "ह्यांना औषध चालू होतें" हें वाक्य लिहितांना त्या क्षणभर थांबल्या, मग लिहिलें.

तें पत्र पुरें होतांच तात्या माजघरांतून ट्रंक घेऊन आले. घरांतील सर्वांच्या पॉलिसी तीत होत्या, अकरा निघाल्या. थोरल्या सूनबाई बँकेंत नोकरीस आहेत. त्यांनीं एकेक उघडून अर्जाच्या नकला मोठ्यानें वाचावयास आरंभ केला. एकाच्या जन्मतारखेंत दोन वर्षांचा फरक निघाला. एकीच्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेचा पत्ता नव्हता. मावशींच्या नांवापुढें "शिक्षण: पदवीधर" असें होतें, त्यावर पुष्कळ दिवसांनीं घरांत हंसूं ऐकूं आलें. मग तात्यांची पॉलिसी निघाली. दोन वर्षें चार महिन्यांची, आठ लाखांची. "रक्तदाबावर औषध घेतां काय?" "नाहीं." तात्या गेलीं सहा वर्षें रोज सकाळीं संध्येनंतर ती गोळी घेतात. अर्ज भरणारा तोच एजंट.

सूनबाई हळूच म्हणाल्या, "मामंजी, आठ महिने राहिलेत. तीन वर्षें झालीं कीं कोणी कांहीं विचारूं शकणार नाहीं. आत्तां लिहिलेंत तर जादा हप्ता लावतील, कदाचित् पॉलिसीच रद्द करतील. आठ महिने नुसतें गप्प बसायचें." यांत खोटें एक अक्षर नव्हतें. कायदा तसाच आहे. आणि एक कर्ता पुरुष नुकताच गेलेल्या घरांत दुसऱ्याचे आठ लाख पणास लावणें शहाणपणाचें म्हणतां येईल काय? मजजवळच्या चार निकालांच्या आधारें आम्हींहि सूनबाईंचीच बाजू घेतली. हें येथें लिहितांना संकोच वाटतो. पण घडलें तें असें.

तात्यांनीं वाद घातला नाहीं. त्यांनीं नाथांची ती गोष्ट सांगितली, जी पैठणांत प्रत्येक मुलास ठाऊक असते: देवगडावर जनार्दनस्वामींच्या घरीं हिशेब ठेवतांना एका पैची चूक लागेना, म्हणून नाथ रात्रभर दिव्यापाशीं बसले, आणि ती सांपडतांच आनंदानें टाळी वाजवून उठले. "एकच पै होती," तात्या म्हणाले, "आणि ती कोणी मागितलीहि नव्हती." मग त्यांनीं चष्मा शोधला.

दोन्ही पाकिटें त्याच दुपारीं आम्हीं स्वतः स्पीड पोस्टानें टाकलीं आणि पावत्या मावशींच्या पोथीत ठेवून निघालों. हा मजकूर छापावयास जाईपर्यंत दोहोंपैकीं एकाचेंहि उत्तर आलेलें नाहीं. तात्यांचें मात्र परवां पत्र आलें. त्यांत क्षेमकुशल आहे, नाथसागराचें पाणी कितपत आहे तें आहे, आणि शेवटीं एक ओळ: एजंट सोमवारीं सकाळीं वाड्यासमोरून गेला, मान वर करून.